जिन्यातला दिवा आणि उसना न्यूट्रल

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत पावसाळ्यात घराची काळजी घेण्याविषयी आपण पानभर मजकूर दिला होता. गच्चीची गळती, भिंतींची ओल, कपाटातली बुरशी याबद्दल माझी काही तक्रार नाही. विजेच्या चौकटीत मात्र असा सल्ला होता, की ईएलसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारं यंत्र) वारंवार पडत असेल तर पावसाळा सरेपर्यंत वायरमनकडून तो बाजूला काढून घ्यावा. मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडला अठ्ठावीस वर्षं शिल्प निदेशक होतो. तोंडी परीक्षेत कोणी असं उत्तर दिलं असतं, तर पुढचा प्रश्न मी विचारलाच नसता.

आमच्या पेठेतल्या एका घरात हाच सल्ला अमलात आला होता, त्याची हकीकत कळवतो.

घर दोन भावांचं. खाली थोरला, वर धाकटा. बांधलं तेव्हा मीटर एकच होता. पुढे वाटण्या झाल्या आणि वरच्या मजल्याला वेगळा मीटर आला. वायरमनने खालच्या वायरी खालच्या बोर्डाला आणि वरच्या वरच्या बोर्डाला, अशी विभागणी करून दिली. वाटणीपत्रात तांब्याचा बंब कोणाकडे हेसुद्धा लिहिलेलं आहे. जिन्यातला दिवा लिहायचा राहून गेला. त्या दिव्याला टू-वे आहे, म्हणजे एक बटण खाली, एक वर. फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, खालच्या बोर्डातून आलेला. दिवा वरच्या पायरीपाशी, म्हणून न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) जवळच्या बोर्डातून, म्हणजे वरून घेतलेला. मीटर एक होता तोवर यात काही बिघडत नव्हतं. वाटण्या झाल्यावर मात्र थोरल्याच्या घरून निघालेला करंट धाकट्याच्या घरातून परत जाऊ लागला. आम्ही याला उसना न्यूट्रल म्हणतो. कोणाला पत्ता नव्हता, कारण दिवा लागत होता.

गेल्या जूनमध्ये थोरल्यांच्या वॉशिंग मशीनला हात लावला की चुणचुणायला लागलं. खरं तर आधी अर्थिंग बघायला हवं होतं. पण कोणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी ईएलसीबी बसवून घेतला. (हल्ली डब्यावर आरसीसीबी असं छापलेलं असतं. लोक ईएलसीबीच म्हणतात, मीही म्हणतो.) तो दिवसभर गुमान राहायचा आणि संध्याकाळी जिन्यातला दिवा लावला की खाडकन पडायचा.

तो का पडतो हे मुलांना शिकवताना मी सहलीचं उदाहरण द्यायचो. मास्तर बसच्या दारात उभे राहून जाताना पोरं मोजतात, येताना पुन्हा मोजतात. आकडा जुळला तरच गाडी सुटते. ईएलसीबी तेच करतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी त्याच्या आतल्या एका कड्यातून जातात. फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला तर तो गप्प असतो. मध्ये कुठे भिंतीत, नळात किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, तर फरक पडतो आणि तो सर्किट तोडतो. घरगुती ईएलसीबी बहुधा ३० मिलिअँपियरचा असतो. एवढा फरक झाला तर तो पडलाच पाहिजे, आणि १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. आता जिन्यातला ६० वॉटचा पिवळा बल्ब घ्या. २३० व्होल्टवर तो साधारण २६० मिलिअँपियर घेतो. ते सगळेच्या सगळे खालून निघतात आणि वरच्या घरातून परत जातात. पोरगं हरवलेलं नाही, दुसऱ्या बसने घरी गेलंय. पण दारात उभ्या मास्तरला ते कसं कळणार? आणि ६० च्या जागी ९ वॉटचा एलईडी लावला तरी तो ४० च्या आसपास किंवा जास्तच घेतो, म्हणजे पडणार तो पडणारच.

थोरल्यांनी वायरमनला बोलावलं. त्याने दहा मिनिटांत ‘डायरेक्ट’ करून दिलं, म्हणजे ईएलसीबीच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूमध्ये वायरचे तुकडे टाकले. यंत्र बोर्डात जागेवर, दांडा वर, दिसायला सगळं ठीक. काम करत नाही एवढंच.

दिवाळीच्या आधी धाकटे वरच्या हॉलमधल्या पंख्याचा कंडेन्सर बदलायला स्टुलावर चढले. माणूस काळजी घेणारा. त्यांनी वरचा मेन बंद केला होता. तो डीपी मेन, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. एरवी हे चांगलंच. इथे मात्र मेन पडल्याबरोबर वरच्या घरातला न्यूट्रल कशालाही बांधलेला राहिला नाही. दिवेलागणीला खाली वहिनींनी जिन्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. बल्ब गेला असेल म्हणून त्यांनी बटण तसंच ठेवलं. पण खालचा फेज त्या न पेटलेल्या बल्बमधून जाऊन वरच्या घराच्या सगळ्या काळ्या, म्हणजे न्यूट्रलच्या, वायरींवर बसला होता. धाकट्यांचा एक हात स्लॅबच्या हुकाला आणि दुसरा काळ्या वायरला. स्टुलावरून खाली आले, मनगट मोडलं. त्यावर निभावलं. खालचा ईएलसीबी चालू असता तर त्याने तेवढ्यात सर्किट तोडलं असतं, किंबहुना जूनमध्येच हा घोटाळा उघडा पाडला असता. तो तेच सांगत होता.

दुसऱ्या दिवशी थोरले मला घेऊन गेले. वरचा मेन बंद ठेवला, जिन्याचं बटण चालू केलं, आणि वरच्या न्यूट्रल व अर्थिंगच्या मध्ये टेस्ट लॅम्प धरला. जिन्यातला बल्ब आणि माझा टेस्ट लॅम्प, दोन्ही मंद पेटले. दोघे भाऊ तोंडाकडे बघत राहिले.

ज्यांच्या घराच्या अशा वाटण्या झाल्या आहेत, किंवा जुन्या घराचा वरचा मजला भाड्याने देताना वेगळा मीटर घेतला आहे, त्यांना, दोन्ही मेन डीपी (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारे) असतील तर, ही खूण टेस्टरशिवाय पाहता येईल. जिन्यातला दिवा लावा. फक्त खालचा मेन बंद करून बघा, मग तो चालू करून फक्त वरचा बंद करा. दिवा दोहोंपैकी एकाच मेनवर विझला पाहिजे. दोन्ही वेळा विझत असेल, तर फेज एकाचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा आहे. तो दिवा वापरणं थांबवा, आणि वेगळा करून घेईपर्यंत दोन्ही मेन बंद केल्याशिवाय कुठल्याच पंख्याला हात लावू नका.

पावसाळ्यात ईएलसीबी पडण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. बाल्कनीच्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी, ओल्या भिंतीतला बोर्ड, गीझरचं एलिमेंट. सगळ्या वस्तूंचे प्लग खरोखर उपसून काढा, नुसतं बटण बंद करू नका. सगळे एमसीबी (बोर्डातले घराच्या एकेका भागाचे, जादा लोड झाला की पडणारे स्विच) खाली करा, ईएलसीबी वर करा, आणि एकेक एमसीबी वर घेत जा. ज्याच्यावर पडेल तो भाग सापडला, तेवढा बंद ठेवून बाकीचं घर चालवा. एक अडचण आहे : साधा एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रलच कुठे ओल्या भिंतीला किंवा अर्थिंगला टेकला असेल, तर त्याचा एमसीबी बंद असूनही दुसऱ्याच खोलीतली इस्त्री लावली की ईएलसीबी पडतो आणि बिचाऱ्या इस्त्रीवर आळ येतो. तिथे मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लागतो आणि मेगर चालवणारा माणूस लागतो.

बटण बंद केल्यावरही एलईडी मिणमिणतो म्हणून अनेकजण बल्ब बदलत बसतात. बटणात लाल इंडिकेटर असेल तर त्यातून झिरपणाऱ्या करंटने असं होतं, ते निरुपद्रवी. इंडिकेटर नसताना मिणमिणत असेल तर फेज थेट होल्डरला आणि बटण न्यूट्रलवर आहे का, हे बघून घ्यावं. तसं असेल तर बटण बंद करून बल्ब बदलतानाही होल्डर जिवंत असतो.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे न्यूट्रल तुटला की अर्थिंगच्या वायरवर दिवा चालवणं. शिवारातल्या मोटारीच्या खोलीपासून शहरातल्या सोसायटीपर्यंत मी हे पाहिलंय. अर्थिंगच्या खड्ड्यात ओल असते तोवर चालतं. चैत्र-वैशाखात खड्डा सुकला, की त्या अर्थिंगला जोडलेल्या फ्रिजच्या दारावर करंट येतो. ईएलसीबी असेल तर हा उद्योग एक सेकंदही चालत नाही. तो काढून टाकायला सांगणाऱ्यांमध्ये असे उद्योगी बरेच असतात.

सगळा दोष वायरमनचाही नाही. त्यातले काही माझेच विद्यार्थी आहेत. दोष शोधायला अर्धा दिवस जातो आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘लाईट तर तशीच आहे, पैसे कशाचे?’ डायरेक्ट करून दिलं की लाईट लगेच येते आणि पैसेही लगेच मिळतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांत अशा गळती-संरक्षक यंत्राची तरतूद आहे. पण घरातल्या बोर्डाचं झाकण उघडून बघायला कोण येणार? बघायचं आपणच. ईएलसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. दाबूनही घरातली लाईट गेली नाही, तर यंत्र तरी बिघडलंय किंवा कोणीतरी डायरेक्ट केलंय. थोरल्यांनी ते एकदा दाबलं असतं तर त्यांना ऑक्टोबरच्या आधी कळलं असतं.

ईएलसीबी असला म्हणजे काही होत नाही, असंही नाही. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर त्याच्या दृष्टीने हिशेब बरोबर जुळतो. तो पडत नाही. जादा लोडही त्याला कळत नाही, ते काम एमसीबीचं.

तेव्हा विजेच्या चौकटीतला तो सल्ला मागे घेतल्याचं येत्या रविवारी छापावं, ही विनंती. जागा थोडी असेल तर माझं पत्र कापा, पण मेन आळीपाळीने बंद करून पाहण्याचा परिच्छेद ठेवा.

कळावे,
आपला नित्य वाचक,
एक निवृत्त शिल्प निदेशक, सातारा

ता. क. जिन्यातला दिवा आता कोणाच्या मीटरवर घ्यायचा, यावर दोघा भावांचं महिनाभर एकमत होईना. शेवटी तिथे दोन दिवे बसवले. खालचा थोरल्यांचा, वरचा धाकट्यांचा. टू-वे काढून टाकलं. रात्री दोन्ही लागतात, जिना लख्ख दिसतो.