मंजूस, नावावरून

मंजू बाळा,

काल हुतात्मा एक्सप्रेस सुटली तेव्हा तू खिडकीतून हात केला नाहीस. बाळ मांडीवर होतं म्हणून असेल, असं तुझ्या आईला सांगितलं. जेवताना मी बोललो ते चुकलंच, 'एवढं लांब नाव पोरीला झेपणार कसं' एवढंच म्हणायचं होतं, आवाज चढला.

अमृतवर्षिणी. नाव गोडच आहे गं. कर्नाटकी राग, गायला की पाऊस येतो म्हणतात, आणि आपल्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तर खालच्या काकू म्हणाल्या पोरीला टाकीपाशीच झोपवा. मीपण हसलो. पण पूर्ण म्हणणार कोण? अमू होणार, नाहीतर वर्षा.

तुझंच बघ की. मंजुभाषिणी मी हौसेनं ठेवलं, अप्पांचं ऐकलं नाही. शाळेत कारकुनानं मंजूषा लिहून ठेवलं ते कळलं तू नववीत गेल्यावर, मग ॲफिडेव्हिट, गॅझेट, भर मे महिन्यात सायकलवर चकरा, तू मागं कॅरिअरवर बसून पेप्सी चोखत म्हणालीस, पप्पा, सुमन का नाही ठेवलं? ते अजून डोक्यात आहे माझ्या.

म्हणून म्हणतो, जन्मदाखल्यावर घाई नको. नोंद 21 दिवसांत झालीय, नाव वर्षभरात टाकलं तरी फी लागत नाही. मराठी-इंग्रजी दोन्ही स्पेलिंग स्वतः लिहून दे, 'र्षि' पहिली वेलांटी, आणि दाखला हातात आला की तिथंच उभं राहून वाच, घरी येऊन नाही, आणि जावईबापूंवर सोडू नको, ते... बघ, सुरू झालं माझं. सॉरी.

आणि खरं सांगू का, तुला पूर्ण नावानं हाक मीतरी कधी मारली? मंजे, मंज्या, चिडलो की ए बाई.

1 मे 2024 पासून आईचं नावपण लागतं ना मध्ये. रात्री दुधाच्या बिलामागं लिहून बघितलं, अमृतवर्षिणी मंजुभाषिणी, आणि जावयाचं नाव, आडनाव लिहायला कागदच पुरला नाही. तुझ्या आईला दाखवलं. बिल तिनं देवघरात ठेवलंय, दूधवाल्याला काय देऊ आता.

बारशाला कुर्र करणाऱ्या आत्याबाईंना आधी दोन-तीनदा म्हणून बघायला सांग. मी पाणी भरताना म्हणून बघितलं, तिसऱ्यांदा सरळ आलं.

टोपरं इथंच राहिलंय. शेंगाचटणीबरोबर पाठवतो, वेगळ्या पिशवीत.

पप्पा