ऑर्वेलची भीती कॅमेऱ्याची नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' कादंबरीवरचा लेख वाचला आणि राहवले नाही म्हणून लिहीत आहे. चौकाचौकांत सीसीटीव्ही लागले, मोबाइल आपले बोलणे ऐकतो, म्हणजे ऑर्वेलचे भाकीत खरे ठरले. एवढेच लेखकाला त्या पुस्तकात सापडले. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले असावे, असे मला वाटत नाही.

१९४९ साली आलेल्या त्या कादंबरीत भिंतीवरचा टेलिस्क्रीन, म्हणजे घरातल्यांना पाहणारा-ऐकणारा पडदा, आहेच. तो पूर्ण बंद करता येत नाही, आणि या क्षणी आपल्यावर नजर आहे की नाही, हे कोणालाच कळत नाही. पण नायकाचा शेजारी पार्सन्स याला पकडून कोण देते? त्याची सात वर्षांची मुलगी. तो झोपेत 'बिग ब्रदर' या सर्वसत्ताधीशाविरुद्ध बरळतो, ती किल्लीच्या भोकाला कान लावून ऐकते आणि दुसऱ्या दिवशी जाऊन सांगते. कोठडीत बसलेल्या त्या बापाला लेकीचा अभिमान वाटतो. याबद्दल लेखात एक ओळ नाही.

मला तो प्रसंग आजही सलग वाचता येत नाही. १९७६ मध्ये, आणीबाणीत, मी आठ वर्षांची होते. बाबा शिक्षक. रात्री जेवणे उरकली की चार-पाच जण मागच्या दाराने यायचे, सायक्लोस्टाइल केलेली पत्रके वाटून घ्यायचे. वाड्यातल्या एका काकांनी मला लिमलेटची गोळी दिली आणि विचारले, "काय गं, रात्री बाबांकडे कोण कोण येतं?" मी बोटांवर मोजून नावे सांगितली. तिसऱ्या दिवशी साध्या वेशातले दोघे आले. बाबांना घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडले. घरी आल्या आल्या त्यांनी ट्रंकेतल्या रोजनिश्या काढल्या, कॉलेजात असल्यापासूनच्या, आणि एकेक पान फाडून बंबात घातले. तीन दिवस आमच्या आंघोळीचे पाणी त्यांवर तापले. राखेत एक तुकडा उरला होता, त्यावर माझ्या बारशाचा खर्च लिहिलेला होता. बाबा मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. रोजनिशी मात्र त्यांनी पुन्हा लिहिली नाही. आमच्या वाड्यात तेव्हा कॅमेरा सोडा, टेलिफोनही नव्हता.

पूर्व जर्मनीतल्या 'स्टासी' या गुप्त पोलीस यंत्रणेचेही तेच. १९८९ मध्ये तिच्याकडे सुमारे ९१ हजार पगारी माणसे होती आणि त्यांच्या दुपटीने खबरे. १९९२ मध्ये फायली खुल्या झाल्या तेव्हा लोकांना त्यांत मित्रांची नावे सापडली, एका बाईला तर नवऱ्याचे. लेखात मात्र यंत्रांचीच यादी आहे.

आणखी एक. काचेची घरे लेखकाने ऑर्वेलच्या नावावर टाकली आहेत. ती रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन यांच्या 'वुई'मधली आहेत. ती कादंबरी १९२४ मध्येच इंग्रजीत आली होती, आणि तिथे पडदे ओढायलासुद्धा परवानगी लागते. स्वतः ऑर्वेलने १९४६ मध्ये तिचे परीक्षण लिहिले होते. पूर्वी आपल्या पुरवणीत पुस्तकांना अख्खे पान असायचे. पुस्तके वाचणारे कोणीतरी ते पान तपासत असणार, कारण अशा चुका तेव्हा दिसत नव्हत्या. आता पाव पान उरले आहे आणि बाकी जाहिराती. निदान काचेच्या घरांची दुरुस्ती येत्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा