दिग्या, नाना जूनमध्ये निवृत्त होतायत

अंबाजोगाई,
रविवार, दुपार

प्रिय दिग्या,

हे फोनवर सांगायचं नव्हतं, तू मधेच हसला असतास. आणि दुसऱ्या कुणाला सांगावं तर आधी अर्धा तास ओ-रिंग म्हणजे झाकणाखालची रबरी कडी, हे समजावून सांगावं लागतं. तर ऐक. आपल्या प्रयोगशाळेतल्या नानांची ऑर्डर निघाली. तीस जूनला निवृत्त. त्याच कागदावर खाली लिहिलंय की जागा भरायची नाही, ‘आवश्यकतेनुसार बाह्यस्रोताद्वारे’ भागवायचं. बाह्यस्रोत म्हणजे बिल्डिंग झाडणाऱ्या एजन्सीचा पोरगा, हे तुला सांगायला नको.

इकडे सगळे बरे. आईचा गुडघा आहे तसाच.

सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, बेसाल्टात सोडून त्याचा दगड करायच्या आपल्या प्रकल्पाच्या प्रस्तावात माणसं कशी लिहितात ते तुला माहीतच आहे. प्रमुख अन्वेषक, सह-अन्वेषक, दोन फेलो, आणि शेवटी ‘साहाय्यक कर्मचारी’. नाना त्या शेवटच्या दोन शब्दांत. समितीने परवा विचारलं, मराठवाड्याच्या बेसाल्टात किती टन सीओटू मावेल? मॅडमनी नकाशा दाखवला, आकडे सांगितले. रिअ‍ॅक्टरचे, म्हणजे खडक, पाणी आणि वायू दाबाखाली ठेवायच्या भांड्याचे बोल्ट कोण आवळतं, हे कुणी विचारलं नाही. आता मला त्याचीच धास्ती आहे, कारण ‘वायूचा दगड झाला’ हे वाक्य शेवटी बोल्ट आवळणाऱ्या आणि बाटलीत थेंब टाकणाऱ्या माणसावर उभं असतं.

बाटलीचंच घे. रिअ‍ॅक्टरमधून नमुना काढला की दाब उतरतो, पाण्यात विरघळलेला सीओटू फसफसून निघून जातो, पीएच चढतो आणि कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम आणि सीओटूपासून बनणारं खनिज, बाटलीच्या काचेला जाऊन बसतं. मग मशीनवर कॅल्शियम कमी दिसतं आणि फेलो नाचत येतो, “सर, खडकात कॅल्साइट जमलं!” अरे, खडकात कुठलं, बाटलीत जमलं. म्हणून नाना पहिले दोन-तीन मिली फेकून देतात. पुढचा नमुना सिरिंजने ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून थेट बाटलीत घेतात आणि लगेच त्यात शुद्ध नायट्रिक आम्ल टाकतात. अल्कलिनिटीची (पाणी किती आम्ल पचवतं ते मोजायची) बाटली वेगळी, तिच्यात आम्ल नाही आणि हवेची जागाही नाही, टायट्रेशन तिथल्या तिथे. चहा नंतर. हा क्रम चुकला की निष्कर्ष खोटा, आणि खोटा निष्कर्ष नेमका आपल्याला हवा तसाच दिसतो, हीच त्यातली गोम.

दुसरी फसगत खडकाचीच. आपल्या मांजऱ्यात, बुडबुड्यांत खनिजं भरलेल्या बेसाल्टात, कॅल्साइट आधीच बसलेलं असतं. ते आम्लाच्या पाण्यात सगळ्यांत आधी विरघळतं आणि कॅल्शियम उसळतं. आपण खुश, की बेसाल्टातलं कॅल्शियमचं खनिज, प्लॅजिओक्लेज, बोलायला लागलं. नाना खडक फोडून तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून निवडतात, शंका आली की कोपऱ्यातल्या चिमूटभर पुडीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल. फसफसलं की तुकडा बाद. मग दळण, ५३ ते १०६ मायक्रॉनच्या चाळण्या, अ‍ॅसिटोनमध्ये अल्ट्रासोनिकवर धुणं, वरचं दुधी पाणी नितळ होईपर्यंत ओतत राहणं, कारण दाण्याला चिकटलेली धूळ पहिले दोन दिवस भलत्याच वेगाने विरघळते. हे धुणं पोरांना ‘टाइमपास’ वाटतं. (तुलाही वाटायचं. खोटं बोलू नकोस.)

आणि आता उन्हाळा. एसी विभागप्रमुखांच्या खोलीत, रिअ‍ॅक्टर पत्र्याखाली, ती परंपरा अबाधित आहे. सीओटूचा क्रिटिकल बिंदू ३१ अंशांचा. एप्रिलमध्ये शेडमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की सिलिंडरमध्ये द्रव उरतच नाही, आणि पंप द्रवासाठी बनलेला. तो नुसता हापसत बसतो, दाब चढत नाही. नवा माणूस म्हणेल पंप बिघडला, कंपनीला पत्र लिही. नाना सिलिंडरला ओलं पोतं गुंडाळतात, पंपाच्या डोक्यात बर्फाचं पाणी फिरवतात आणि भरण पहाटे करतात. सिलिंडरमध्ये किती उरलंय ते गेजवर कळत नाही, द्रव असेपर्यंत काटा हलतच नाही, म्हणून सिलिंडर तराजूवर. पोत्याचं वजन वजा करायचं, हेही तेच सांगणार.

ओ-रिंगवरून तुझं-नानांचं जे वाजलं होतं त्यात नानाच बरोबर होते, हे लेखी देतो. वायटॉन रबराच्या रिंगा सीओटू पितात आणि फुगतात. वर तू व्हॉल्व्ह भसकन उघडायचास, म्हणजे रबरातला वायू आतल्या आत फुगून रिंगेवर फोड. ईपीडीएमच्या रिंगा बऱ्या, फक्त तेल-ग्रीस लावायचं नाही. दाब तासाभरात सावकाश उतरवायचा. झाकणाचे बोल्ट समोरासमोरचे घ्यायचे, तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने. आधी नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावायचं आणि रात्रभर काटा बघायचा. तीन महिन्यांच्या प्रयोगात सुईएवढी गळती असली तरी शेवटचा हिशोब मातीत.

तुझं-माझं जुनं भांडणही परत निघालं. तू म्हणायचास, आपल्या बेसाल्टाचे बुडबुडे झिओलाइटने भरलेत, गारगोट्यांच्या या खडकात वायू शिरणार कुठून? मी म्हणायचो, लाव्हाच्या प्रवाहाचा माथा बघ, तिथे फुटका, पोकळ खडक आहे, मधला भरीव काळा फत्तर झाकण म्हणून बसतो, आणि दोन प्रवाहांमधला तांबडा पट्टा पाणी अडवतो. अजूनही मी तेच म्हणतो. पण कोअर, म्हणजे बोअरमधला खडकाचा दांडा, काढताना तांबड्या पट्ट्यातच नमुना वाहून जातो, रिगवाला तिथे पाणी कमी करत नाही, आणि पेटीत अर्धा मीटर गायब. नाना तिथे लाकडी ठोकळा ठेवून त्यावर गेलेली लांबी लिहितात. कोअरवर दोन रेषा, वरच्या दिशेला बघताना उजवीकडे लाल, डावीकडे काळी, म्हणजे तुकडा उलटा बसला तर लगेच कळतं. ते जिथे नव्हते त्या पेट्या बघ, अर्धे तुकडे डोक्यावर उभे.

पाणी फार लागतं, हे मात्र तुझं खरं. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पाने २०१२ साली हेल्लिशेइदीला वायू पाण्यात विरघळवून सोडला आणि त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक दोन वर्षांच्या आत खनिज झाला. पण टनामागे सुमारे २५ टन पाणी लागलं. इथून गच्चीवर गेलं की परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या दिशेलाच तोंड होतं, म्हणून हिशोब केला. तिथला एक संच २५० मेगावॅटचा. युनिटमागे साधारण एक किलो सीओटू धरला तरी तासाला अडीचशे टन, त्याला पाणी साठ लाख लिटरच्या वर. २०१६ साली लातूरला मिरजेहून ५० वाघिणींची गाडी यायची, तिच्यात पंचवीस लाख. म्हणजे एका संचासाठी तासाला अडीच गाड्या! आणि तेच केंद्र २०१५ साली पाण्यावाचून बंद पडलं होतं. पाणी त्याच खडकातून उपसून परत आत सोडता येतं, मान्य. पण आपल्या खोल बोअरला लागतं किती?

पाण्याशिवाय करायचं तर अमेरिकेतल्या वलुलासारखं. २०१३ साली तिथे सुमारे हजार टन द्रवासारखा दाट वायू आठशे मीटरच्या खाली सोडला, दोन वर्षांनी काढलेल्या कोअरमध्ये अँकेराइट या कार्बोनेट खनिजाचे गोळे सापडले. किल्लारीला १९९३च्या भूकंपानंतरच्या बोअरमध्ये बेसाल्ट ३३८ मीटरवरच संपला, खाली थोडा गाळ आणि मग ग्रॅनाइटी पाया. पूर्वेला हा मार्ग बंदच, घाटाकडे जावं लागेल. आणि त्या भागातल्या लोकांसमोर ‘जमिनीत दाबाने सोडणार’ हे शब्द मॅडमसुद्धा तोलूनमापून वापरतात, ते योग्यच. वायू वर आला तर, असं एका म्हातारबाबांनी विचारलं. मॅडम समीकरणावर जायच्या आत नाना म्हणाले, “विरघळल्यावर ते पाणी साध्या पाण्यापेक्षा जड होतं, बाबा. खालीच बसतं.” बाबांना पटलं.

कार्बफिक्समध्येही गिस्लासन, ओल्कर्स, ब्रोकर ही शास्त्रज्ञांची नावं सगळ्यांना पाठ. निरीक्षण विहिरीतला पंप बंद पडला, वर काढला तर त्यावर कॅल्साइटचा थर. ती त्यांची पहिली हातात धरता येणारी साक्ष. ज्याने तो पंप नुसता घासून-पुसून परत खाली सोडला नाही, त्याचं नाव मात्र मला कुठे सापडलेलं नाही.

रेणापूरची पोर नानांच्या मागे वही घेऊन फिरतेय, पण तिची फेलोशिप पुन्हा रखडलीय. ती जास्त दिवस टिकणार नाही, शाळेत लागेल. आणि नाना सांगतात का? “बघून घे” म्हणतात. मी मानधनावर वर्षभर ठेवा असं लेखी दिलंय. उत्तर नाही. दोन ओळी तूही मॅडमना लिही, बाहेरच्या कंपनीतला माणूस बोलला की आमच्याकडे ऐकतात.

तुझी बदली झाली का रे? वहिनींना नमस्कार, पिंटूच्या दहावीचं कळव. अंकलेश्वरचा तो फ्लॅट घेऊ नकोस, महाग आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस काढून ये. तू शिव्या घातल्यास की नाना बोलायला लागतात, तेव्हा ती पोर लिहून घेईल. आणि येताना तुमच्या तिकडून ईपीडीएमच्या ओ-रिंगा आण, जुन्या रिअ‍ॅक्टरच्या झाकणाच्या मापाच्या, दोन डझन तरी. माप तुझ्या लॉगबुकच्या शेवटच्या पानावर आहे, ते लॉगबुकही आण. विभागाचं आहे ते.

तुझा,
सुध्या