गरम पाण्याची लाइन भिंतीत गाडण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राऊकडे, बायपासलगत, सुपर कॉरिडॉरच्या बाजूला इंदूरकरांची नवी घरं भराभर उभी राहताहेत. टाइल्स निवडायला घरातली सगळी मंडळी दुकानात जातात. पण त्या टाइल्सच्या मागून जाणारा गरम पाण्याचा पाइप कोणता, हे ठेकेदारावर सोडून देतात. पुढे तो गळला की टाइल्स फोडल्याशिवाय हात पोचत नाही. घर बांधणाऱ्यांनी प्लास्टरआधी काय पाहावं, ते सविस्तर लिहितो आहे.

सगळ्यात मोठी चूक पाइप घेतानाच होते. पांढरा यूपीव्हीसी पाइप ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतो. गिझर सहज ६० अंशांवर चालतो आणि सोलर हीटर त्याच्याही पुढे जातो. इतक्या उष्णतेत यूपीव्हीसी नरम पडतो, दोन क्लॅम्पच्या मध्ये झोळ घेतो आणि जोड सुटतात. गरम लाइनला सीपीव्हीसीच, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा पाइपच हवा. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका, पाइपवर छापलेली ओळ वाचा: सीपीव्हीसी, एसडीआर ११, आयएस १५७७८. एसडीआर म्हणजे पाइपचा बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या किती पट आहे तो आकडा, आयएस म्हणजे भारतीय मानक. एसडीआर १३.५ चा पाइप पातळ असतो, तो थंड लाइनला ठेवा. एसडीआर ११ चा पाइप ८२ अंशांना सुमारे ७ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब सोसतो. दुमजली घरात गच्चीवरच्या टाकीचा दाब एक किलोच्या आसपास असतो, म्हणजे भरपूर वाव आहे. प्रेशर पंप लावणार असाल तर मात्र त्याच्या दाबाचा आकडा आधी तपासा.

पाइप चांगला असूनही काम बिघडतं ते जोडात. यूपीव्हीसी चिकटवायचं सोल्युशन सीपीव्हीसीला चालत नाही, तरी उरलेला डबा संपवायचा म्हणून ते वापरलं जातं. पाइप काटकोनात कापून आतली-बाहेरची भुसी काढावी. फिटिंगमध्ये तो कोरडा घालून पाहावा; निम्म्यापर्यंत जाऊन घट्ट बसला पाहिजे. सोल्युशनचा भरपूर हात पाइपला आणि पातळ हात फिटिंगच्या आत द्यावा. पाव वळसा देत पाइप तळापर्यंत दाबावा आणि अर्धा मिनिट धरून ठेवावा, कारण सोडला की तो मागे सरकतो. जोडाच्या तोंडाशी सोल्युशनची सलग कड दिसली पाहिजे. मध्येच तुटली असेल तर तिथे सोल्युशन कमी पडलं आहे. फिटिंगच्या आत जास्त ओतलं तर ते आतच साचतं, पाइपची भिंत मऊ करतं आणि काही महिन्यांनी गरम पाण्याने नेमकी तीच जागा फुगते. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात सोल्युशन जोडण्याआधीच सुकतं, म्हणून पाइप सावलीत ठेवून सकाळी काम करावं. डब्यातलं सोल्युशन जेलीसारखं झालं असेल तर पातळ करत बसू नका, डबा टाकून द्या.

सीपीव्हीसीला तेल आणि काही रसायनं बाधतात. फिटिंगच्या आट्यांवर तेलकट सफेदा आणि सूत नको, टेफ्लॉन टेप लावा. वाळवीचं औषध पाइपवर पडू देऊ नका. मऊ प्लास्टिकच्या वायरीने पाइप बांधण्याची सवयही वाईट. त्या वायरीतला तेलकट अंश पाइपला हळूहळू तडे पाडतो.

गरम झाला की पाइप लांबतो, हे बहुतेक ठिकाणी कुणी लक्षातच घेत नाही. गच्चीवरून खाली येणारा १० मीटरचा सरळ पाइप घ्या. जानेवारीत १५ अंशांचं पाणी आणि सोलरचं ६५ अंशांचं, म्हणजे ५० अंशांचा फरक. तेवढ्याने तो तीन सेंटिमीटरहून जास्त वाढतो. सिमेंटमध्ये घट्ट जखडला असेल तर सगळा ताण एल्बोवर (कोपऱ्यातल्या जोडावर) येतो. वाढलेली लांबी सामावायला मध्ये एक वळसा ठेवा, क्लॅम्प दर ३ फुटांवर पण सैल लावा, स्लॅबमधून जाताना मोठ्या पाइपची बाही घाला. भिंतीतल्या पाइपवर नायट्राइल फोमचं आवरण चढवलं तर पाइपला हलायला जागा मिळते आणि उष्णताही टिकते.

गिझरच्या निपलला (पाणी आत-बाहेर जाण्याच्या तोंडाला) प्लास्टिक थेट जोडू नका. मध्ये फूटभर तरी धातूचा पाइप किंवा स्टीलचा जाळीदार होज हवा. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्वमधून पाणी तापताना थेंब पडतात, ते पडू द्यावेत. तिथे बूच मारणं धोक्याचं आहे. सोलरच्या टाकीपासून पहिला मीटर-दीड मीटर पाइप जीआयचा (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) असावा आणि हवेची नळी टाकीच्या वर उघडी राहावी. उन्हाळ्याच्या सुटीत घर बंद असलं की पाणी वापरलं जात नाही आणि टाकीतलं तापमान ९० अंशांपलीकडे जाऊ शकतं. सीपीव्हीसीची मर्यादा ९३ आहे. जाण्याआधी सोलरच्या काचनळ्या जाड कापडाने झाका. गच्चीवरच्या उघड्या सीपीव्हीसीला पाण्यात मिसळणारा पांढरा रंग द्या. तेलाचा रंग चालत नाही.

जाड पाइप म्हणजे चांगला, असाही एक समज आहे. पाऊण इंची पाइपात मीटरमागे पाव लिटरच्या वर पाणी मावतं, अर्धा इंचीत त्याच्या निम्म्याहून कमी. १५ मीटर लांबीत हा फरक दोन लिटरचा पडतो आणि गरम पाणी येईपर्यंत पाइपातलं तेवढं जास्त गार पाणी दर वेळी मोरीत वाहतं. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून उपसून चढवत आणावं लागतं. ते असं सोडणं बरं नाही. मुख्य लाइन पाऊण इंची ठेवा, एका नळाची फांदी अर्धा इंची पुरते.

शेवटचा जोड झाल्यावर २४ तास थांबा, लाइनमधली हवा काढा, पाणी भरा, हातपंपाने १० किलो दाब द्या आणि तासभर दाबमापकाचा काटा पाहा. काटा उतरला तर गळती शोधा, प्लास्टर त्यानंतरच. कॉम्प्रेसरच्या हवेने चाचणी कधीही करू नका, पाइप फुटून तुकडे उडतात. चाचणी झाली की प्रत्येक भिंतीचा फोटो मोजपट्टी धरून काढून ठेवा.

शहरातल्या बिल्डरांना विनंती, की ताबा देताना हे फोटो आणि दाबचाचणीचा कागद घरमालकाला द्यावा. आपल्या वृत्तपत्राच्या घरविषयक पानावर चाचणीची ही पद्धत वेगळ्या चौकटीत छापलीत तर बांधकाम चालू असलेल्यांना ती कात्रण करून साइटवर नेता येईल.

— नळकाम क्षेत्रातील एक वाचक, इंदूर