त्या रात्री थांबलेल्या काका आणि ताईंना मनापासून थँक्यू

घाईत तुमची नावं विचारायची राहूनच गेली, म्हणून हे लिहितेय. आम्ही दोघं जुन्या स्कूल बसमध्ये राहतो, सीट काढून बेड, ओटा, पाण्याची टाकी सगळं हाताने बसवलंय, त्यामुळे बस बंद पडली की घरच रस्त्यात अडकतं. त्या रात्री चढावर ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणारा काटा 60 पीएसआयच्या (हे दाबाचं माप) खाली आला, बझर वाजायला लागला, कशीबशी कडेला घेतली आणि मग स्प्रिंग ब्रेक आपोआप लागले, बस जागची हलेना. (हवेचा दाब या ब्रेकची स्प्रिंग दाबून धरतो, म्हणून हवा गेली की हे ब्रेक सुटत नाहीत, उलट घट्ट बसतात, जीव त्यामुळेच वाचतो.)

काका, तुम्ही ट्रक थांबवलात, काही न विचारता आधी चाकांना दगड लावलेत, मगच खाली शिरलात. साबणाचं पाणी ब्रेकच्या हवेच्या नळीवर सोडलंत आणि मागच्या एक्सलजवळच्या जोडावर बारीक बारीक फुगे यायला लागले ते मला अजून दिसतायत! नळीचं चिरलेलं टोक सरळ कापून जोड परत बसवलात आणि काटा 120 वर जाऊन स्थिर राहीपर्यंत निघाला नाहीत.

आणि ताई, तुम्ही मागे गाडी लावून पार्किंग लाइट चालू ठेवून सगळा वेळ थांबलात, अंधारात ते किती मोठं काम होतं ते आम्हालाच माहीत.

छताच्या रिव्हेटमधून पाणी गळत होतं तेव्हा सीलंटची ट्यूब देऊन गेलेले आजोबा, तुमचेही खूप खूप आभार, छत अजून कोरडं आहे.