पार्ल्याच्या बंगल्याचा हिशोब

भांडुप
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

प्रिय संत्या,

गणपतीला गावी आलो नाही म्हणून तू आईकडे माझी चेष्टा केलीस ते कळलं. 'मोठा कंत्राटदार झाला' म्हणालास म्हणे. कंत्राटदार कसला, वायरमनचा परवाना खिशात आणि पहिलं मोठं काम अंगावर, एवढाच माझा मोठेपणा. पण त्या कामात मी चांगलाच आपटणार होतो, ते तुला सविस्तर सांगायचं आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू 'हो हो' करून मोकळा झाला असतास. शेवटी एक मागणं आहे, म्हणून लिहितोय.

काम पार्ले पूर्वेला, एका जुन्या बंगल्याची सगळी वायरिंग नव्याने करायचं. तळमजला आणि वर एक मजला, कौलारू, पुढे आंब्याचं झाड. असे बंगले आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. घरात मालक काका-काकू आणि काकूंची नव्वदीतली आई. मीटरच्या लाकडी फळीवर बीएसईएसचा पत्रा अजून तसाच आहे; बिल २०१८ पासून अदानीचं येतं, पण पत्र्याला कोण हात लावणार! आतली वायरिंग सगळी पट्टीवरची. सागवानी पट्टी, पत्र्याच्या क्लिपा, आणि वायरवरचं रबर इतकं कडक झालेलं की वाकवलं की तुकडा हातात. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, येणाऱ्या फेजलाही आणि परतीच्या न्यूट्रललाही. म्हणजे न्यूट्रलचा उडाला तर दिवा बंद, माणूस समजणार लाइट गेली, आणि होल्डरमध्ये फेज जिवंत.

अर्थिंगची गंमत ऐक. काकू म्हणाल्या, फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात. तार शोधत गेलो तर ती मागच्या नळाच्या पाइपला गुंडाळलेली. पूर्वी लोखंडी पाइप जमिनीत जायचा, तेव्हा चालून गेलं. मध्ये कधीतरी प्लंबरने तो काढून प्लॅस्टिकचा टाकला. तार आहे तिथेच आहे, अर्थिंग मात्र गेलं. इतकी वर्षं कुणाला पत्ता नाही.

तर पहिल्या दिवशी काय केलं? वही काढली, पॉइंट मोजले. लाइट, पंखे, छोटे सॉकेट मिळून ९६. पॉवरचे १८. एसी चार, गीझर तीन. एकूण १२१. आमच्या उस्तादांकडे असताना कन्सीलची, म्हणजे भिंतीत लपवलेल्या वायरिंगची, मजुरी पॉइंटला ५०० ऐकली होती, तीच लावली. साठ हजार पाचशे. चहा संपायच्या आत आकडा सांगून मोकळा. काकांनी तो डायरीत लिहिला, खाली तारीख टाकली. ती तारीख बघूनच पोटात गोळा आला.

रात्री झोप लागेना. उस्तादांचा ५०० चा रेट नव्या बिल्डिंगमधला, रे! तिथे भिंती उघड्या, पाइप स्लॅब भरतानाच टाकलेले, माणसं राहत नाहीत, दिवसभर ठोका. इथे माणसं राहतात. दुपारी एक ते चार ठोकाठोकी बंद, ही काकूंची पहिली अट, आणि पार्ल्यातल्या वामकुक्षीपुढे माझा कटर काय टिकणार. आजींची हवेची गादी पंपावर चालते, तो पंप तासभरही बंद ठेवायचा नाही. म्हणजे सगळं घर एकदम तोडता येत नाही. एकेक खोली घ्यायची, सामान हलवायचं, झाकायचं, संध्याकाळी परत लावायचं.

मग पॉइंट बाजूला ठेवले आणि दिवस लिहिले. पाइपसाठी भिंतीत झिरी मारायला सहा, पाइप-बॉक्स चार, वायर ओढायला पाच, प्लेटा आणि डीबी (सर्किटांच्या स्विचची पेटी) चार, टेस्टिंगला एक. वीस. दुपारची सुट्टी आणि सामानाची हलवाहलव धरून पंचवीस. माझे रोजचे १,२०० आणि हेल्परचे ८०० म्हणजे पन्नास हजार तिथेच गेले. झिऱ्या बुजवायला गवंडी आणि बिगारी सहा दिवस, २,२०० ने १३,२००. हा तर मी धरलाच नव्हता! जणू भिंत आपली आपण मिटणार होती. डेब्रिजच्या गोणी उचलायला ४,५००, कटरची पाती वगैरे ३,०००, लोहार चाळीतून माल आणायला टेम्पोच्या दोन खेपा ३,०००. बेरीज ७३,७००. साठ हजारात घेतलं असतं तर तेरा हजार घरचे घालून मी काकांची वायरिंग केली असती. त्यावर अडीनडीचे दहा टक्के आणि माझ्या नफ्याचे पंधरा धरले, ९३,००० झाले.

डीबीचं पण तेच. आधी डोळे मिटून बारा खणांची एक पेटी लिहिली होती. मग आयटीआयच्या सरांनी घोकून घेतलेलं आठवलं: लाइटच्या सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॉट, पॉवरच्या सर्किटवर दोन. तसं मांडलं तर लाइटची दहा, पॉवरची नऊ, एसी-गीझर प्रत्येकी स्वतंत्र सात. सव्वीस सर्किटं! आता मजल्याला एक डीबी, प्रत्येकीला ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे तेवढी गळती झाली की वीज तोडणारा स्विच. लाइटला दीड चौरस मिमीची वायर, पॉइंटमागे सरासरी पंधरा मीटर, म्हणजे १,४४० मीटर, नव्वदचे बरोबर सोळा कॉइल. पॉवरला अडीचची, एसी-गीझरला चारची. एवढा भार सिंगल फेजवर ठेवण्यात अर्थ नाही. थ्री फेजचा अर्ज करावा लागेल, आणि टेस्ट रिपोर्टवर सही लागते परवानाधारक ठेकेदाराची. ती माझी चालत नाही. उस्तादांकडे गेलो. ते हसले, म्हणाले, 'काम बघायला मी येणार, मगच सही.' बरोबरच आहे.

वरच्या मजल्याला कौलाखाली फळ्यांचं छत आहे, पाइप वरून फिरवता येतात, झिरी फक्त स्विचपर्यंत खाली. तिथे वाचलो. पण माळ्यावर उंदरांचं राज्य, त्यामुळे उघडी वायर एक फूट पण नाही. सुरुवात मात्र जिन्यापासून. तिथला टू-वे, वरून-खालून दोन्हीकडून चालणारा दिवा, फेज घेतो खालचा आणि न्यूट्रल वरचा. वरचा मजला आधी नवा केला आणि जिना तसाच ठेवला, तर नऊ वॉटचा दिवा लावला तरी चाळीसेक मिलीअँपियर एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत येणार आणि आरसीसीबी पडणार. मी दिवसभर शॉर्ट शोधत बसलो असतो. आजींच्या पंपाला मीटरपासून वेगळा तात्पुरता बोर्ड.

रविवारी परत गेलो. 'काका, त्या दिवशीचा आकडा चुकला,' म्हणालो आणि वही पुढे केली. ते बँकेतून निवृत्त. पेन्सिल घेऊन ओळीओळीने वाचत गेले. कपाळावर आठी. दुसऱ्या एकाने पंचावन्न हजार सांगितलेत, हेही सांगितलं. मी विचारलं, त्यात गवंडी आहे का? त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. नव्हता. अर्थिंगचा खड्डाही नव्हता, कुणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाले, 'तुझी बेरीज बरोबर आहे, एवढं तर नक्की.' कौतुक होतं की काय, मला अजून कळलेलं नाही.

माल ते स्वतः घेणार, बिल त्यांच्या नावावर. तांब्याचा भाव रोज हलतो, ती जोखीम माझ्या डोक्यावर नको. तरी मालाच्या यादीवर 'भाव पंधरा दिवसांपुरते' असं लिहून दिलं. पैसे चार टप्प्यांत, शेवटचा मेगर लावून वायरचं इन्सुलेशन दाखवल्यावर.

त्यांची एकच अट आहे आणि तीच माझ्या गळ्याशी आलीय. पितृपक्षात हातोडा लावायचा नाही, घटस्थापनेला सुरुवात, आणि वसुबारसेला घरात धूळ दिसता कामा नये. पंचवीस दिवस आणि मधले रविवार मोजले तर मी वसुबारसेच्या पलीकडे जातो.

म्हणून तू. लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत तुझी बारा दिवसांची रजा शिल्लक आहे हे तुझ्या आईनेच सांगितलं. वायर ओढायच्या वेळी आलास तर पंचवीसचे एकोणीस होतात. सहा दिवसांचे माझे नि हेल्परचे मिळून बारा हजार वाचतात, तुला बारा दिवसांचे १४,४०० देतो, रोख. नफ्यातले अडीच हजार जातील, जाऊ देत. भांडुपच्या खोलीत पंखा आहे, बाकी तू जाणतोस.

येताना तुझा मेगर आण, ५०० व्होल्टचा. माझा बॅटरीला रुसलाय. आणि वायर ओढायची लांब स्प्रिंग, तीस मीटरची. रजेचं साहेबांना आधी विचार, मग मला फोन कर. घटस्थापनेच्या चार दिवस आधी कळलं तरी पुरे, नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल. काकूंना सांगून ठेवलंय की अजून एक जण येईल, तो चहा जास्त पितो.

तुझा,
मन्या

ता.क. आईला पहिल्या आकड्याचं काही बोलू नकोस.