पेट्रोलचं म्हणून विकलेलं, ग्लोसाठी कापलेलं किट : दुसरं तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : खोक्यावर '३० सीसी पेट्रोल' छापलेलं, रेडिओवर उडवायच्या बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) मॉडेल विमानाचं किट प्रत्यक्षात ग्लो (मिथेनॉलवर चालणाऱ्या) इंजिनासाठीच बनवलेलं असल्याबाबत, तसंच माझी पहिली तक्रार 'बांधणीतील चूक' म्हणून निकालात काढल्याबाबत.

महोदय,

तुमचं तीन ओळींचं उत्तर मिळालं. त्यात लिहिलंय : परत पाठवलेली इंधनाची नळी तपासली, माप योग्य आढळलं. फायरवॉलजवळचा (इंजिन जिच्यावर बसतं त्या नाकातल्या भिंतीजवळचा) तडा चिकटवण्यातल्या दोषामुळे गेला. तक्रार बंद करत आहोत. तुमच्या वहीत ती बंद झाली असेल. माझ्या टेबलावर पोट फाटलेलं विमान अजून तसंच पडलंय, त्यामुळे माझ्या लेखी ती बंद झालेली नाही.

पहिल्या पत्रात मी फक्त काय मोडलं ते लिहिलं होतं. का मोडलं ते तुम्हाला आपोआप कळेल असं धरून चाललो, ते चुकलंच. आता सविस्तर लिहितो.

आधी चांगलं ते सांगतो. लेझरने कापलेल्या रिब्स (पंखाच्या फासळ्या) इतक्या नेमक्या होत्या की स्पारवर (पंखाच्या लांब कण्यावर) एकेक सरकवताना कानस हातात घ्यावी लागली नाही. रिब्ससाठी लाकूडही निवडून घेतलेलं दिसलं. आडव्या रेषांपेक्षा ठिपकेदार चमक दिसणारा, न वाकणारा, सी-ग्रेनचा बाल्सा. पंखाच्या पुढच्या कडेवर मढवायच्या बाल्साच्या पत्र्यांत मात्र गंमत होती. २ मिमी जाड, १०० मिमी रुंद, १ मीटर लांब असे चार पत्रे. त्यातले दोन वीस-वीस ग्रॅमचे, दोन अडतीसचे. दोन्ही पंखांवर एक हलका, एक जड असे वाटून मी तोल सांभाळला. बाल्सा म्हटलं की असं चालायचंच, त्याची तक्रार नाही. पंख तयार झाला तेव्हा उलटसुलट करून बघताना तुमच्या कारखान्यात कुणीतरी मन लावून काम करतं असंच वाटलं होतं. तोच माणूस नाकापाशी का आला नाही, हा माझा प्रश्न आहे.

तुमच्या खोक्यावर लिहिलंय : 'ग्लो १.८० किंवा पेट्रोल ३० सीसी'. हिशोब बरोबर आहे. १.८० घन इंच म्हणजे साडेएकोणतीस सीसी. पण सिलिंडरचं आकारमान जुळलं म्हणून इंजिनं एकमेकांच्या जागी बसतात असं नाही. ज्याने हा मजकूर छापायला दिला, त्याने दोन्ही इंजिनं शेजारी ठेवून कधी पाहिली नसावीत.

हे पत्र वाचणाऱ्याने स्वतः इंजिन बसवलेलं नसेल असं धरून लिहितो. ग्लो इंजिन मिथेनॉलवर चालतं. त्याला ठिणगी लागत नाही, प्लगची तार स्वतःच तापलेली राहते. सायलेन्सरमधला दाब एका नळीने टाकीत सोडतात, म्हणजे इंधन पुढे ढकललं जातं. तरीही टाकी इंजिनाच्या जवळ आणि कार्ब्युरेटरमधल्या इंधनाच्या सुईच्या पातळीत ठेवावी लागते. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते, म्हणजे इग्निशनची डबी आली, तिची वेगळी बॅटरी आली. कार्ब्युरेटर पडद्याचा असतो, क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर चालणारा पंप त्यातच असतो. त्याला सायलेन्सरच्या दाबाची गरज नाही. टाकी लांब, अगदी पंखाखाली गुरुत्वमध्यावर ठेवली तरी तो इंधन ओढून घेतो. उलट ती तिथेच बरी, कारण इंधन संपत आलं तरी विमानाचा तोल बदलत नाही.

आता तुमचं ड्रॉइंग उघडा. पत्रक क्रमांक २, नाकाचा छेद. टाकी फायरवॉलला चिकटून. सायलेन्सरपासून टाकीपर्यंत तुटक रेघेने काढलेली दाबाची नळी. टाकीचा कप्पा ७०० मिलीचा. मिथेनॉल जाळायला वजनाने साधारण साडेसहापट हवा लागते, पेट्रोलला पावणेपंधरा पट. म्हणजे तेवढ्याच हवेत ग्लो इंजिन दुपटीहून जास्त इंधन पितं. ७०० मिलीचा कप्पा कुणासाठी काढला होता हे यावरून सांगायला ज्योतिषी नको. आणि इग्निशन? मी भिंग घेऊन चारही पत्रकं पाहिली. इग्निशनची डबी नाही, तिची बॅटरी नाही, ती बंद करायचा स्विच नाही. रिसीव्हरची (रेडिओचे संकेत घेणाऱ्या डबीची) जागा टाकीच्या लगेच मागे दाखवली आहे. आम्ही इग्निशन आणि रिसीव्हर यांच्यात निदान ३० सेंटिमीटर अंतर ठेवतो, कारण ठिणगीचा त्रास रेडिओला होऊ शकतो. तुमच्या आराखड्यात हे अंतर मिळवायचं तर रिसीव्हर शेपटाकडे न्यावा लागतो. मी तो नेला. सर्व्होच्या (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरींच्या) तारा लांबवल्या, टाकी मागे सरकवली, तोल पुन्हा जुळवला. हे सगळं मी बिनतक्रार केलं, हेही लक्षात घ्या.

थोडक्यात, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. जुनं ग्लोचं ड्रॉइंग, जुने कापलेले भाग, वर नवीन स्टिकर.

फायरवॉलचं तेच. ग्लो इंजिन आडव्या कण्यांवर बसतं, त्यामुळे त्याचा भार माउंटमधून (इंजिन धरणाऱ्या बैठकीतून) फायरवॉलवर पसरून येतो. माझं पेट्रोल इंजिन मागच्या बाजूने चार खांबांवर थेट फायरवॉलला बसतं. एकच मोठं सिलिंडर, त्याचे धक्के सावकाश पण दणकट. किटमधली फायरवॉल ४ मिमी प्लायची. तिला धरायला बाजूच्या भिंतींतल्या खाचा, बस्स. कोपऱ्यांत भरायच्या त्रिकोणी पट्ट्या किटमध्ये नाहीत, ड्रॉइंगमध्येही नाहीत. बोल्टची छिद्रं ग्लोच्या माउंटच्या मापाची. ती बुजवून नवी पाडावी लागली. कार्ब्युरेटर मागे तोंड करून असल्याने त्याला श्वास घ्यायला फायरवॉलला मोठं भोक पाडावं लागलं, म्हणजे आधीच पातळ असलेली भिंत आणखी पोखरली.

नवं इंजिन जमिनीवरच चालवून रुळवत होतो (लिटरला ३० मिली तेल, सावकाश फेऱ्या, नियमाप्रमाणे), तेव्हा पंधराव्या मिनिटाला डाव्या कोपऱ्यात कव्हरिंगखाली केसाएवढी रेघ दिसली. बोटाने दाबली तर उघडायची, मिटायची. तुम्ही म्हणता चिकटवण्यातला दोष. फोटो क्रमांक ३ पुन्हा पाहा. सांधा सुटलेला नाही. इपॉक्सी गोंदाची रेघ जागच्या जागी आहे आणि फायरवॉलच्या कडेला बाल्साचा कातडीएवढा थर चिकटून निघालेला आहे. सांध्याशेजारचं लाकूड फाटलंय. ज्याने आयुष्यात एकदा बाल्सा चिकटवलाय त्याला विचारा : लाकूड फाटतं तेव्हा गोंद जिंकलेला असतो.

ती दुरुस्ती मी स्वतः केली. ६ मिमीची बर्च प्लायची नवी फायरवॉल, आत तिन्ही बाजूंनी कडक लाकडाच्या त्रिकोणी पट्ट्या, कोपऱ्यांतून आडव्या खुंट्या. तिथे नंतर काही झालं नाही. पुढे सांगतो त्या अपघातातही नाक शाबूत राहिलं.

आता नळी. तुमचं सगळं उत्तर जिच्यावर उभं आहे ती.

किटमधल्या टाकीच्या पुडीत एक गुलाबी, पारदर्शक नळी होती. पुडीवर 'पेट्रोल' असं छापलेलं. ती सिलिकॉनची होती. ग्लोला सिलिकॉन उत्तम, मी वर्षानुवर्षं वापरलंय. पेट्रोलमध्ये ते फुगतं. पेट्रोलला वेगळ्या जातीची नळी लागते, बूचसुद्धा नायट्राइल किंवा व्हायटन रबराचं. हे मला ऐकून माहीत होतं. तरी मी ती नळी घातली, कारण पुडीवर तसं छापलं होतं आणि माझं हे पेट्रोलचं पहिलंच विमान. इथे माझं चुकलं, मान्य आहे. छापलेल्यावर विश्वास ठेवला.

पहिली दोन उड्डाणं सुरळीत झाली, कारण इंधन भरलं की लगेच उडवलं आणि उतरल्यावर टाकी रिकामी केली. तिसऱ्या वेळी आदल्या संध्याकाळीच टाकी भरून ठेवली. हीही चूक म्हणा हवं तर. सकाळी उड्डाणाच्या सहाव्या मिनिटाला, सौम्य चढावर, इंजिनाचा आवाज पातळ झाला. इंधन कमी पडतंय हे त्या आवाजावरूनच कळतं. मी नाक खाली घेतलं, तोवर दोनदा खोकून ते बंद पडलं. सहा किलोच्या वर वजनाचं विमान, पुढे थांबलेला १८ इंची प्रोपेलर, हातात एकच संधी. वाऱ्याच्या दिशेने वळवून मैदानात आणण्याइतकी उंची नव्हती. बांधापलीकडे गवतात उतरवलं. लँडिंग गिअर पट्टीसकट उखडलं आणि पोटाचे दोन फॉर्मर (आतल्या आडव्या चौकटी) घेऊन गेलं. तिथे कुणी उभं नव्हतं, हे नशीब.

टाकी उघडली तर आत पितळी नळीच्या टोकाला फक्त माझी बांधलेली तार होती, आणि तारेखाली नळीचा फाटका कडा. बाकी नळी क्लंकसकट (टोकाला लावलेल्या वजनासकट) तळाशी वेटोळं करून पडली होती. बाहेर काढली तेव्हा गोगलगायीसारखी बुळबुळीत आणि मऊ. नखाने सहज चिरत होती. तोच तुकडा मी पुसून, पाकिटात घालून तुम्हाला पाठवला.

आणि तिथेच गोम आहे. तुमच्याकडे पोचेपर्यंत तिला काही दिवस लागले. उरलेल्या नळीचा ५० मिमीचा तुकडा मी झाकणाच्या बरणीत पेट्रोलमध्ये रात्रभर ठेवला. सकाळी तो ६४ मिमी भरला. मग तो उघड्यावर सुकवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जवळजवळ पन्नास. पेट्रोल उडून गेलं की सिलिकॉन आक्रसतं. म्हणजे तुमच्या माणसाने कोरडी नळी मोजली आणि 'माप योग्य' लिहिलं, त्यात तो खोटं बोलला नाही. त्याने फक्त चुकीच्या वेळी पट्टी लावली. तिचं फाटलेलं टोक मात्र त्याने पाहिलं नाही, किंवा पाहून लिहिलं नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. पोटाचे फॉर्मर, लँडिंग गिअरची पट्टी आणि त्या भागाचे दोन्ही बाजूंचे पत्रे तुमच्याकडून बदलून हवेत. पंख, शेपूट मला नको, ती ठीक आहेत. मी केलेल्या फायरवॉलचा खर्च मागत नाही. पैसे परत घेऊन किट परत करण्याचा पर्याय तुमच्या माणसाने फोनवर सुचवला होता. तो मला नको आहे. पाच महिन्यांच्या संध्याकाळी त्यात चिकटल्या आहेत, त्या पाकिटात घालून परत येणार नाहीत. 'बांधणीतील चूक' हा शेरा मात्र लेखी मागे घ्यावा.

दुसरी मागणी माझ्या विमानापुरती नाही आणि तीच जास्त महत्त्वाची आहे. 'पेट्रोल' छापलेल्या त्या पुड्या विक्रीतून काढून घ्या, आणि ज्यांनी हे किट घेतलंय त्यांना कळवा. तुमच्याकडे ऑर्डरची यादी आहे. माझं इंजिन बंद पडलं ते रिकाम्या गवतावर. पुढच्याचं कुठे पडेल ते ना तुमच्या हातात, ना त्याच्या. फायरवॉल आणि इग्निशनच्या जागेबद्दल नवीन ड्रॉइंग काढायला वेळ लागेल हे समजू शकतो; तोवर खोक्यावरचे 'किंवा पेट्रोल ३० सीसी' हे शब्द झाकायला एक कोरं स्टिकर पुरेल. स्टिकर लावायची सवय तुम्हाला आहेच.

फुगलेला तुकडा ओला असताना पट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो, सुकल्यानंतरचा फोटो आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे. ओली नळी पेट्रोलसकट पाठवली असती, पण ती कुणी कुरिअरला घेणार नाही. म्हणून एवढं करा : तुमच्या गोदामातली एक पुडी फोडा, नळी मोजा, झाकणाच्या बरणीत पेट्रोलमध्ये रात्रभर ठेवा, आणि सकाळी बाहेर काढल्याबरोबर, सुकायच्या आत, पुन्हा मोजा. जो आकडा येईल तो मला कळवा.

आपला,
किट क्रमांक आणि पावतीवरचा ग्राहक